एवढ्या थंडीत पंखा का फिरत होता? : १९९८ च्या मारुती ८०० ची केस

जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी पावणेसातला सरांचा फोन आला. "अरे, गाडी पुन्हा बंद पडली. कॉलेज रोडच्या सिग्नलला आहे. मागून बस हॉर्न मारतेय आणि काकू गाडीत बसल्यात."

मी मोटारसायकलला किक मारली. पोहोचलो तोवर सरांनी गाडी चालू करून कडेला घेतली होती. थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारा चोक अर्धा बाहेर, पाय रेसवर, आणि थंडीतसुद्धा कपाळावर घाम. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आठवड्यातून तीनदा सकाळी सातला त्यांना फिजिओथेरपीला न्यावं लागतं. रिक्षात चढणं-उतरणं त्यांना जमत नाही, म्हणून गाडीच लागते. सर मला आठवीत गणित शिकवायचे. माझ्या गॅरेजचं पहिलं गिऱ्हाईक तेच. त्यामुळे रस्त्यात उभी राहिलेली ती पांढरी ८०० बघून मला नुसतं वाईट वाटलं नाही, लाज वाटली. महिनाभरापूर्वी हीच तक्रार घेऊन ते आले होते आणि "झालं सर, आता नाही पडणार बंद," असं सांगून मीच त्यांना पाठवलं होतं.

गाडी डिसेंबर १९९८ ची. कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा जुना भाग), चार गिअरची, ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. एक लाख चौदा हजार किलोमीटर झालेले, तेही एकाच हाताखाली. तक्रार अशी, की सकाळी चोक ओढला की पहिल्या सेल्फला गाडी चालू होते. दोन-तीन मिनिटं छान चालते. चोक आत ढकलायला गेलं की अडखळते, हापकते आणि बंद पडते. चोक तसाच ठेवला तर काळा धूर, पेट्रोलचा वास, आणि थोड्या वेळाने जास्त पेट्रोलनेच गुदमरून बंद. कसंबसं अर्धा तास चालवली की मग ठीक. दुपारी काहीच त्रास नाही.

डिसेंबरमध्ये मी काय केलं होतं ते आधी सांगतो, कारण ती चूक पुष्कळ जण करतात. कार्ब्युरेटर उघडून धुतला, त्यातली पेट्रोलची बारीक भोकं म्हणजे जेट फुंकले, आणि स्लो (गाडी उभी असतानाची इंजिनाची चाल) सेट करताना मिक्श्चर थोडं जाड, म्हणजे हवेत पेट्रोल जास्त, ठेवलं, रेसही जरा वर ठेवली. गाडी बंद पडायची थांबली. आठवड्याने सर पीयूसीला गेले तर कार्बन मोनॉक्साइड ४.६ टक्के. या वयाच्या गाडीला मर्यादा ३ टक्के. मग मी मिक्श्चर परत पातळ केलं आणि आजार जिथल्या तिथे आला. स्क्रू फिरवून मी दुखणं झाकलं होतं, शोधलं नव्हतं.

त्या सोमवारी गाडी ठेवूनच घेतली. काकूंसाठी माझ्या भावाची गाडी पाठवली आणि सरांना म्हटलं, "सर, तुमची वही द्या."

सरांची वही

सर गाडीचा प्रत्येक खर्च लिहितात. लाल पुठ्ठ्याची वही, डाव्या बाजूला तारीख आणि किलोमीटर, उजव्या बाजूला काम आणि रुपये. आम्ही मेकॅनिक लोक असल्या वह्या बघत नाही, बॉनेट उघडून बसतो. त्या संध्याकाळी मी शटर अर्धं ओढून वही पहिल्यापासून वाचली.

"सकाळी बंद पडते" ही नोंद पहिल्यांदा येते २०१६ च्या डिसेंबरात. त्यानंतर दर वर्षी, नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. मार्च ते ऑक्टोबर या महिन्यांत एकदाही नाही. दर हिवाळ्यात कोणी ना कोणी काहीतरी बदललेलं: एका वर्षी प्लग आणि वायरी, पुढच्या वर्षी पेट्रोल पंप, मग कॉइल, मग कार्ब्युरेटरचं किट. बेरीज केली, सतरा हजारांच्या वर गेली. आणि प्रत्येक कामापुढे सरांच्या सुबक अक्षरात "फरक पडला" असं लिहिलेलं, कारण बहुतेक कामं फेब्रुवारीत झालेली. फेब्रुवारीत केलेलं काम मार्चमध्ये आपोआप यशस्वी होतं. नाशिकची थंडी गेली की गाडीची तक्रार जाते आणि श्रेय जातं नव्या कॉइलला.

गेल्या वर्षीची एक नोंद वाचून मात्र माझा हात थांबला. एका गॅरेजने ऑइल भरायचं झाकण उघडून आतला पिवळट, सायीसारखा थर दाखवला होता आणि "हेड गॅसकेट गेलंय, हेड उतरवावं लागेल, १२,००० होतील" असं सांगितलं होतं. हेड गॅसकेट म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं, पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं पॅकिंग. सरांनी ते काम केलं नव्हतं. पुढे फक्त प्रश्नचिन्ह.

मी उठून झाकण उघडलं. थर होताच. डिपस्टिक काढून नाकाशी धरली तर ऑइलला पेट्रोलचा स्पष्ट वास. पण रेडिएटरच्या पाण्याच्या बाटलीतली पातळी सर दर रविवारी बघतात आणि ती घटत नव्हती. हेड गॅसकेट फुटून पाणी ऑइलमध्ये जात असतं तर पाणी कमी व्हायला हवं होतं. हा थर येतो तो इंजिन नीट न तापल्याने. ज्वलनातून तयार होणारी वाफ गार झाकणाखाली जमते, ऑइलमध्ये घुसळली जाते आणि उडून जायला तिला ऊब मिळत नाही. पेट्रोलचंही तेच. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं.

म्हणजे गाडी तापतानाच्या त्या पाच मिनिटांत बंद पडत होती खरी, पण तिची ती पाच मिनिटं संपतच नव्हती.

मंगळवार, सकाळी सव्वासहा

गाडी रात्रभर शेडमध्ये उभी होती. भिंतीवरचा थर्मामीटर साडेनऊ अंश दाखवत होता. शटर पूर्ण वर केलं (बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं, थंडी कितीही असो), हातात घड्याळ घेतलं, गॅरेजमधल्या हाताखालच्या पोराला बाजूला उभं केलं आणि सांगितलं, कशाला हात लावायचा नाही, फक्त बघायचं.

चोक ओढला, सेल्फ मारला, चालू. दोन मिनिटं झाली. एक गोष्ट आधी तपासायची होती. या गाडीचा चोक दोन कामं करतो. हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवतो आणि सोबत थ्रॉटल थोडा उघडून रेस वाढवतो. चोक आत ढकलला की दोन्ही एकदम जातात. मग बंद पडते ती कशाने? मी पायाने रेस धरून ठेवली आणि चोक सावकाश आत घेतला. रेस असूनही इंजिन हापकायला लागलं. म्हणजे फेऱ्यांचा प्रश्न नव्हता, इंजिनाला पेट्रोल कमी पडत होतं. चोक पुन्हा ओढला.

आठव्या मिनिटाला तापमानाची सुई जागची हललेली नव्हती. बाराव्या मिनिटाला जेमतेम उचलली. मी बॉनेटवर वाकून ऐकत होतो, तेवढ्यात पोरगा म्हणाला, "मालक, एवढ्या थंडीत पंखा का फिरतोय?"

बरोबर. रेडिएटरचा पंखा पहिल्या क्षणापासून फिरत होता. तो आवाज मी सव्वीस वर्षं ऐकतोय, म्हणूनच मला तो ऐकू आला नाही. पोराला आला.

मी रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवला. ही तपासणी कोणालाही करता येते, फक्त पंख्यापासून आणि पट्ट्यापासून बोटं आणि बाही लांब ठेवायची. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप, जागेवर असेल तर हा पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग एका क्षणी, मिनिटाभरातच, हात ठेवता येणार नाही इतका तापतो. थर्मोस्टॅट तेव्हा उघडलेला असतो. इथे पाइप कोमट होता, आंघोळीचं पाणी निवत आलं की लागतं तसा. त्याआधीपासून कोमट असणार. पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरत होतं आणि पुढून पंखा त्याला वारा घालत होता.

इंजिन थंड झाल्यावर त्या पाइपची टोपी उघडली. दोन बोल्ट. आत थर्मोस्टॅट असायला हवा, तिथे रिकामी बैठक आणि कडेला वाळलेला सिलिकॉन.

वही पुन्हा उघडली. मे २०१६. मी आदल्या रात्री ही ओळ वाचून पुढे गेलो होतो: "नांदुरीच्या घाटात गाडी गरम. वॉल काढून टाकला, फॅन डायरेक्ट केला. रु. १५०. आता उत्तम." सप्तशृंगी गडावर जाताना गाडी तापली, रस्त्यातल्या मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून फेकला, पंख्याची वायर थेट इग्निशनला जोडली आणि सर दर्शन घेऊन सुखरूप परत आले. त्या मिस्त्रीला मी दोष देणार नाही. मे महिना, घाट, वाफा सोडणारी गाडी आणि आत माणसं. त्या दुपारपुरतं त्याने केलं ते बरोबरच होतं. फक्त घरी आल्यावर ते पूर्ववत करायला हवं होतं, आणि ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

थंड इंजिनात पेट्रोलचं काय होतं

थर्मोस्टॅट म्हणजे मेणाची गोळी असलेला छोटा झडपा. या गाडीच्या झडप्यावर ८२ चा आकडा असतो. पाणी ८२ अंशांना पोहोचलं की मेण फुगतं आणि रेडिएटरची वाट उघडते. तोवर पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरतं आणि लवकर तापतं. ८०० च्या इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्ब्युरेटरमधून सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेच्या, पोटातूनही हेच पाणी जातं आणि मॅनिफोल्डला ऊब देतं. ती ऊब आमच्या या केसमध्ये सगळ्यात महत्त्वाची.

पेट्रोल हे एकच द्रव्य नाही. त्यातला हलका भाग ४० अंशांच्या आसपास उडायला लागतो, जड भागाला दोनशेच्या जवळ जावं लागतं. कार्ब्युरेटर पेट्रोलचा फवारा करतो, पण गार मॅनिफोल्डच्या भिंतीला लागून त्यातला बराचसा पुन्हा थेंब होऊन बसतो. सिलिंडरपर्यंत वाफ पोहोचते ती थोडी. चोक ओढून आपण दुप्पट-तिप्पट पेट्रोल सोडतो, म्हणजे निदान त्यातला हलका भाग तरी जळण्यापुरता मिळावा. मॅनिफोल्ड तापला की चोकची गरज संपते. मॅनिफोल्ड तापलाच नाही तर चोक आत घेताच इंजिन उपाशी, आणि चोक बाहेर ठेवला तर हळूहळू प्लग ओले. सरांची गाडी या दोन्हींच्या मधे लटकत होती.

त्यात आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या साधारण अडीच पट उष्णता लागते, म्हणजे गार इंजिनात ते आणखी आडमुठं. शिवाय एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. नव्या गाड्यांचा कॉम्प्युटर हा फरक ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरचं जेट म्हणजे पितळेतलं भोक, ते आहे तेवढंच राहतं. म्हणून जुन्या गाडीचं मिक्श्चर आपोआप पातळ होतं. सरांच्या वहीत गेल्या दोन हिवाळ्यांत नोंदी दाट झाल्यात त्याचं एक कारण मला हे वाटतं. मूळ दुखणं मात्र त्याच्या कितीतरी आधीचं.

थर्मोस्टॅट बसवण्याआधी

नवा थर्मोस्टॅट टाकून मोकळं व्हायचा मोह झाला. पण ज्या कारणाने घाटात गाडी तापली होती ते कारण अजून आतच होतं. थर्मोस्टॅट बसवून मी सरांना मे महिन्यात पुन्हा त्याच घाटात उभं केलं असतं.

रेडिएटरचं पाणी सोडलं. चहाच्या रंगाचं, तळाला पांढरी खर. सरांच्या सोसायटीत बोअरचं पाणी आणि वर्षानुवर्षं तेच टाकलेलं. पाण्यातले क्षार नळ्यांत साचून खालच्या भागातल्या नळ्या बुजल्या होत्या. गाडी चालू असताना जाळीचा खालचा पट्टा गार लागत होता, तो त्यामुळेच. रेडिएटर तांब्या-पितळेचा होता म्हणून रॉडिंग शक्य झालं. दोन्ही टाक्या सोडवून प्रत्येक नळीतून पट्टी फिरवली. रेडिएटरवाल्याने निघालेली खर कागदावर काढून दिली ती मूठभर होती. ती मी सरांना दाखवायला ठेवून घेतली.

पंख्याचा मूळ तापमानाचा स्विच गंजून मेलेला. नवा बसवला, थेट जोडलेली वायर काढली.

थर्मोस्टॅट मी नेहमी उकळून बघतो. चहाच्या पातेल्यात दोऱ्याने लटकवायचा, बुडाला टेकू द्यायचा नाही, शेजारी थर्मामीटर धरायचा. पहिला आणलेला ७१ लाच उघडायला लागला, तो दुकानात परत गेला. दुसरा ८१ पर्यंत गप्प, मग कडेला केसाएवढी रेघ दिसली, आणि ९५ ला पेन्सिल जाईल एवढी फट. नाशिकच्या उंचीवर पाणी ९८ च्या आसपास उकळतं, त्यामुळे पूर्ण उघडलेला बघायला फार वेळ मिळत नाही, नजर ठेवावी लागते. गॅस बंद केल्यावर तो पुन्हा पूर्ण मिटतो का हेही बघितलं. मिटला.

ऑइल आणि फिल्टर बदलला, कारण पेट्रोल मिसळलेल्या ऑइलवर गाडी परत देणं मला पटेना. बोअरच्या पाण्याऐवजी कूलंट भरलं.

उरलेला अडखळा

गुरुवारी पहाटे पुन्हा तीच परीक्षा. दहा अंश. सुई सहाव्या मिनिटाला मधल्या रेघेवर. वरचा पाइप गार, गार, आणि मग एकदम चटका. पंखा बंद. पण दुसऱ्या ते चौथ्या मिनिटाच्या दरम्यान चोक अर्धा केला की एक हलकासा अडखळा येत होता. बंद पडत नव्हती, पण मनाला लागत होतं. नव्वद टक्के बरी झालेली गाडी देऊन टाकायची माझी तयारी होती का, असा प्रश्न क्षणभर आला. मग काकूंचा चेहरा आठवला, बसच्या हॉर्नसमोर बसलेला.

साबणाच्या पाण्याची फवारणी घेऊन कार्ब्युरेटरच्या बुडाशी मारली. इंजिनाचा सूर लगेच बदलला आणि बारीक सुस्कारा ऐकू आला. हवा घेत होती. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डच्या मधलं पॅकिंग उष्णतेने वाकलं होतं आणि दोन नट अर्धा फेरा ढिले. इतके वेळा कार्ब्युरेटर उतरवून चढवला, त्यात मीही आलो, त्याचाच हा परिणाम. गरम झाल्यावर धातू फुगून फट जवळजवळ मिटायची, म्हणून दुपारी कळत नव्हतं. जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून कार्ब्युरेटरचं बूड सपाट घासलं, नवी पॅकिंगं टाकली, नट थोडे थोडे आळीपाळीने कसले.

मिक्श्चर आणि स्लो सगळ्यात शेवटी, इंजिन पूर्ण गरम असताना, ९०० फेऱ्यांवर. पीयूसी १.८ टक्के.

खर्च असा: थर्मोस्टॅट ३८०, पंख्याचा स्विच ४५०, पॅकिंग २२०, रॉडिंग १,४००, कूलंट ७००, ऑइल-फिल्टर १,३००. एकूण ४,४५० रुपये. मजुरी मी घेत नव्हतो, सर ऐकेनात. शेवटी अर्ध्यावर तडजोड झाली आणि ती रक्कमही वहीत चढली.

शनिवारी सर आणि काकू दोघंही आले. मी ती खर दाखवली, रिकामी बैठक दाखवली, वहीतली २०१६ ची ओळ दाखवली. सर बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. "म्हणजे उत्तर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं," ते म्हणाले. काकू म्हणाल्या, "आता सिग्नलला उभं राहायला भीती नाही ना रे बाळा?" मी नाही म्हटलं, आणि या वेळी खात्रीने म्हटलं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पारा सात-आठवर गेला. सरांना तीन मिनिटं चोक ठेवावा लागतो, चौथ्या मिनिटाला तो आत जातो. एवढ्या थंडीत कार्ब्युरेटरच्या गाडीने तेवढं मागणं रास्त आहे. खरी परीक्षा मे महिन्यात झाली. त्याच घाटातून दोघं गडावर जाऊन आले. सुई मधल्या रेघेच्या जरा वर, पंखा चढावर दोनदा लागला आणि दोनदा बंद झाला. सरांनी मला किलोमीटरसकट फोनवर सांगितलं.

त्या टोपीशेजारच्या पाइपवर मी पत्र्याची एक चिठ्ठी तारेने बांधून ठेवलीय. पुढे कधी रस्त्यात गाडी तापली आणि कोणा अनोळखी मिस्त्रीने बॉनेट उघडलं तर त्याला दिसावी म्हणून. पंचने ठोकून लिहिलंय: थर्मोस्टॅट आत आहे. काढलात तर वहीत लिहा आणि परत बसवा.